सोळा आण्यांचं घर

१ एप्रिल १९५७ ला सरकारने आणे मोडीत काढले. आमच्या घराच्या वहीत ते आजही चालतात. किराया रुपयांत येतो, आता तर मोबाइलवरच जमा होतो. पण कोणाचा हिस्सा किती, असं विचारलं की उत्तर आण्यांतच मिळतं. अमक्याचे दोन आणे, तमक्याचे चार. रायपूरच्या जुन्या मराठी घरांत ही बोली अजून ऐकू येते. तिच्यामागे सोयीचं गणितही आहे. रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव, आणि ही संख्या दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा अशा कुठल्याही आकड्याने नि:शेष भागली जाते. तीन भाऊ असले तर पाच आणे चार पै प्रत्येकी, बाकी शून्य. शंभर पैशांचे तीन भाग पाडायला बसा, म्हणजे जुन्या माणसांनी आणे का सोडले नाहीत ते कळेल.

तात्यापाऱ्यातलं आमचं घर माझ्या पणजोबांनी बांधलं. रस्त्याच्या बाजूला पाच दुकानं, मागे चौक, चौकात विहीर आणि भोवती खोल्या. दुकानं आणि मागच्या काही खोल्या किरायाने दिलेल्या, उरलेल्यात कुटुंब. हे घर आजवर कधी वाटलं गेलं नाही, वाटला गेला तो फक्त किराया. गेली बरीच वर्षं त्याचा हिशेब मी लिहिते. माझी सगळी नोकरी सरकारी लेखा विभागात गेली, त्यामुळे वही माझ्याकडे आली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. मला मात्र जुन्या वह्या उघडल्यावर वाटलं. सगळ्यात जुनी मोडीत आहे, पुढच्या बाळबोधीत. पानोपानी सारखी रीत: आधी जमा, मग खर्च, मग शिल्लक, मग हिस्सेवार वाटप, खाली सह्या. वाडा बांधणाऱ्या भिक्षुकाच्या घरात ही शिस्त आली कुठून?

ती गावाकडून आली. छत्तीसगडच्या बाहेर हे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांबरोबर १७४१ मध्ये इकडे उतरल्या. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघू लागले आणि त्यांच्या मागोमाग कारकून, फडणीस, कमाविसदार, पुजारी अशी मराठी घरं आली. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी नागपूरकरांच्या वतीने काही वर्षं कारभार हातात घेतला आणि मुख्यालय रतनपूरहून रायपूरला आणलं. मराठी घरंही हळूहळू रायपुरात सरकली. १८५४ ला नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ ला मध्य प्रांत तयार झाला, आणि त्या दशकात जो जमीन-बंदोबस्त झाला त्याने सगळं चित्र बदललं. रायपूर जिल्ह्याचा हेविटचा बंदोबस्त अहवाल १८६९ चा आहे. तोवर गावाचा सारा गोळा करून भरणारा माणूस हा एक मक्तेदार होता, आज आहे उद्या नाही. बंदोबस्ताने त्याला गावाचा मालक केलं. तो मालगुजार झाला. गाव विकता येऊ लागलं, गहाण पडू लागलं आणि अर्थातच मुलांत वारशाने वाटलं जाऊ लागलं.

पण गाव वाटायचं कसं? तळं कोणाचं, गायरान कोणाचं, आंब्याची झाडं कोणाची? म्हणून गाव अखंड ठेवून त्याचे सोळा आणे धरायचे आणि प्रत्येक वारसाच्या नावावर तेवढे आणे-पै लिहायचे, अशी वहिवाट पडली. सगळ्या हिस्सेदारांच्या वतीने एक जण सरकारपुढे उभा राही, त्याला लंबरदार म्हणत. रयतेकडून वसुली त्याने करायची, सरकारी सारा आधी भरायचा, गावखर्च वजा करायचा आणि उरलेला नफा हिस्सेदारांना आण्यांप्रमाणे द्यायचा. या कामाचा त्याला लंबरदारी हक मिळे. आणि त्याने हिशेब दिला नाही, तर हिस्सेदाराला नफ्यासाठी दावा लावता येई. मध्य प्रांताच्या १८८१ च्या जमीन महसूल कायद्यात लंबरदार, मुकद्दम, मुकद्दम-गुमास्ता अशी सगळी माणसं जागच्या जागी बसवलेली दिसतात.

पणजोबांकडे धमतरी रस्त्यावरच्या एका गावाचे आठ आणे होते. लंबरदार दुसऱ्या हिस्सेदारांचा, पण त्याच्याकडून दरसाल येणारा हिशेबाचा कागद पणजोबा आणि त्यांची मुलं बघत आली. १८८० च्या दशकात रेल्वे आली, तांदळाचा व्यापार वाढला, बाजारात दुकानांना मागणी आली, आणि पणजोबांनी घरापुढे दुकानं काढली. तेव्हा त्या किरायाचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नसावा. गावाचे सोळा आणे तसे घराचे सोळा आणे. थोरला मुलगा घराचा लंबरदार. जुन्या वह्यांत तो शब्द तसाच आहे, ‘लंबरदार घर तात्यापारा’.

एक पान समोर ठेवते. शके १८५२, म्हणजे इसवी सन १९३०, माहे ज्येष्ठ. जमा: कोपऱ्याचं दुकान २० रुपये, बाकीची चार ७, ६, ५ आणि ४ रुपये, एकूण ४२. नावे: कवेलू फेरणी ४ रुपये ८ आणे, रहाटाचा दोर १२ आणे, सुतार १२ आणे, एकूण ६ रुपये. शिल्लक ३६. थोरले १२, मधले १२, धाकटे १२. तिन्ही सह्या. कोपऱ्याच्या दुकानाचा किराया कितीतरी वर्षं बरोबर वीस रुपयेच आहे, आणि त्यालाही कारण आहे. वीस रुपयांच्या वरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लावावं लागे. एकविसावा रुपया वाढवून दरमहा आणा सरकारला द्यायचा, तिकीट आणायला माणूस पाठवायचा, हे कोणाला परवडलं नसावं.

लिहिणावळ म्हणून लंबरदाराला पाडव्याला धोतरजोडी मिळे. त्याच संध्याकाळी वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाई. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात. माजघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचायचं, असा थोरल्या आजोबांचा शिरस्ता होता. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आणि म्हणूनच पुढचं पान फार लागतं.

थोरले आजोबा १९३४ मध्ये गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, मागे थोरली आजी. आम्ही मिताक्षरा मानणारे. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी टीका लिहिली तिचा हा कायदा. त्यात मुलाला जन्मतःच हिस्सा मिळे, आणि एकत्र कुटुंबातला पुरुष निपुत्रिक गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत मिसळून जाई. पुढच्या महिन्याचं पान तसंच आहे. मधले आठ आणे, धाकटे आठ आणे. पाच आणे चार पैंची ओळच नाहीशी झाली. थोरली आजी सापडते ती वाटपात नव्हे, खर्चाच्या बाजूला: ‘वहिनी, पोटगी, रुपये ६’. वर कवेलू, खाली रहाटाचा दोर.

कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. मधल्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला अखेरपर्यंत आईसारखं मानलं, तिच्या खोलीला हात लावला नाही. पण पाडव्याला वही वाचली जायची तेव्हा ती स्वतःचं नाव दोर-कवेलूंच्या रांगेत ऐकायची, आणि ज्या नवऱ्याने मोठ्याने वाचायचा शिरस्ता घालून दिला त्याच्याच घरात ऐकायची. हे मला मान्य करता येत नाही.

आमच्या घरापासून चालत थोड्या वेळात बुढापारा लागतो. तिथल्या बंगाली घरांत त्याच वर्षी असंच कोणी गेलं असतं, तर निकाल वेगळा लागला असता. ते जीमूतवाहनाच्या दायभागाचे. त्यांच्यात निपुत्रिक नवऱ्याचा हिस्सा विधवेकडे जाई, हयातभरापुरता का होईना. म्हणजे एकाच शहरात, एकाच तळ्याच्या पाण्यावर वाढलेल्या दोन आज्या, एकीला पाच आणे चार पै आणि दुसरीला सहा रुपये पोटगी. माणसं घर सोडून कितीही लांब गेली तरी आपला वारसा-कायदा बरोबर नेतात, हे प्रिव्ही कौन्सिलनेही मान्य केलेलं तत्त्व आहे. मराठी घरांनी छत्तीसगडात महाराष्ट्राची मिताक्षरा आणली, बंगाल्यांनी दायभाग आणला.

बुढापाऱ्याचं नाव निघालं की रायपूरकर विवेकानंदांची आठवण काढतात. वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त इथे होते तेव्हा १८७७ ते १८७९ या काळात लहानगा नरेंद्र इथे राहिला. बुढा तलावाला आज त्यांचंच नाव आहे. पुढचं मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. १८८४ मध्ये विश्वनाथबाबू गेले आणि कलकत्त्याच्या वडिलोपार्जित घराच्या हिश्श्यांवरून नरेंद्रच्या आईचा आणि काकूचा दावा उभा राहिला. १८८७ मध्ये हायकोर्टाचा निकाल आईच्या बाजूने लागला, तरी तंटा मिटला नाही. संन्यास घेतलेला, जग फिरून आलेला मुलगा आयुष्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत, १९०२ पर्यंत, आईच्या घराच्या या कज्जात गुंतलेला होता. दायभागात हिस्से जन्मापासून मिसळलेले नसतात, ते मोजून ठरलेले असतात. तरी तंटा झाला. कायदा बायकांना हिस्सा देतो तेवढ्याने घर टिकत नाही, हे त्यातून दिसतं. हिस्सा वेळच्या वेळी लिहिला जावा लागतो आणि लिहिलेलं सगळ्यांना दिसावं लागतं.

मुंबईचे डॉक्टर गो. वि. देशमुख केंद्रीय विधिमंडळात होते. त्यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा झाला. त्याने एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या जागी आणून बसवलं, हयातीपुरतं का होईना. थोरल्या आजीला तो तीन वर्षांनी चुकला. धाकटे आजोबा १९४८ मध्ये गेले, मागे धाकटी आजी आणि तीन मुलगे. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती तरी वहीत तिचं नाव आपोआप आलं नाही. तिचा भाऊ नागपूरला वकिली करत होता. तेराव्यानंतर तो ओसरीवर बसला आणि माझ्या आजोबांना म्हणाला, “अण्णा, ताईचे दोन आणे लिहिल्याशिवाय मी गाडी पकडत नाही.” आजोबांनी वही मागवली आणि त्याच्यासमोर लिहिलं. धाकट्या पातीचे आठ आणे, आई दोन, मुलगे दोन-दोन. आमच्या घराच्या इतिहासात वाटपाच्या बाजूला लिहिलं गेलेलं बाईचं पहिलं नाव ते.

मग गाव गेलं. मध्य प्रदेशच्या मालकी हक्क नष्ट करणाऱ्या कायद्याने ३१ मार्च १९५१ ला सगळी मालगुजारी सरकारजमा झाली. घरची शेती, घरं, विहिरी मालकांकडे राहिल्या, मोबदला मिळाला, तो वाटण्यांत आणि लग्नकार्यांत संपला. गावचे आठ आणे संपले तेव्हा लंबरदारही संपला. आमच्याकडे मात्र तो शब्द घरापुरता जिवंत राहिला, आणि दरमहा येणारं नक्की उत्पन्न म्हणजे आता फक्त दुकानांचा किराया. ज्या वाड्याकडे तोवर राहण्याची जागा म्हणून बघत, तो एकदम पोट भरणारा झाला. रायपुरातल्या कितीतरी मराठी घरांची हीच कथा आहे, आणि किरायाचे तंटेही त्यानंतरच वाढले.

सगळ्यात मोठा तंटा ठरलेला असतो. जो घरातच राहतो, त्याने आपल्या खोल्यांचा किराया बाकीच्यांना द्यायचा का? नागपूर-पुण्याला गेलेले भाऊ म्हणतात, तू फुकट राहतोस आणि वर किरायातही हिस्सा घेतोस. राहणारा म्हणतो, घर मी सांभाळतो, पहाटे नळाला मी उठतो, किरायेदाराची कटकट मी ऐकतो. कायदा साधारण राहणाऱ्याच्या बाजूने आहे. सहमालकाने दुसऱ्याला बाहेर काढलं नाही, तर नुसतं राहण्याबद्दल त्याच्याकडून किराया मागता येत नाही. पण कायद्याने मनं शांत होत नाहीत. आजोबांनी काढलेला तोडगा मला आजही सगळ्यात न्याय्य वाटतो. निगमचा टॅक्स आणि राहत्या भागाची चुना-डागडुजी राहणाऱ्यांनी करायची, किरायातून वजा करायची नाही. दुकानांची डागडुजी किरायातून. आणि बाहेरगावच्या हिस्सेदाराच्या मनीऑर्डरचं कमिशन सगळ्यांच्या खर्चात धरायचं, त्याच्या एकट्याच्या हिश्श्यातून नाही, कारण तो लांब गेला हा त्याचा गुन्हा नव्हे. कमिशनची रक्कम काही आण्यांची. पण जबलपूरचे काका मला सांगत, त्या एका नियमामुळे त्यांना आपण घराबाहेर पडलो असं कधी वाटलं नाही.

पुढची चाळीस वर्षं भांडायला फारसं काही उरलंच नाही, कारण किराया गोठला. १९४९ च्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या किराया नियंत्रण हुकुमाने आणि पुढे मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने जुन्या किरायेदाराला हलवणं आणि किराया वाढवणं दोन्ही जवळजवळ अशक्य केलं. फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी कुटुंबाने कोपऱ्याचं दुकान घेतलं होतं. हातात काही नसताना त्यांनी ते उभं केलं, आणि त्यांचा किराया एका दिवसाने कधी उशिरा आला नाही. भिलाईचा कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, रायपूरच्या बाजारात पैसा खेळू लागला, आणि आमची पाच दुकानं मिळून महिन्याला दोनशे चाळीस रुपयांवर थांबली. हिस्सेदार वाढत गेले, वाट्याला येणारी रक्कम चहापाण्याइतकी झाली. तेवढ्यासाठी भावाशी वाकडं कोण घेईल?

पण या शांततेत एक गोष्ट दबून गेली, आणि ती सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

माझे आजोबा १९६१ मध्ये गेले. मागे आजी, दोन मुलगे म्हणजे माझे बाबा आणि काका, आणि दोन लग्न झालेल्या मुली, माझ्या आत्या. हिंदू उत्तराधिकार कायदा होऊन पाच वर्षं झाली होती. वहीत काय आलं? बाबा चार आणे, काका चार आणे. आजी नाही, आत्या नाहीत. तेरा वर्षांपूर्वी धाकट्या आजीचे दोन आणे ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, त्यांच्याच बायकोचं आणि मुलींचं नाव त्यांच्या मागे कोणी लिहिलं नाही. माझी आजी कोणाकडे तक्रार करणाऱ्यातली नव्हती, आणि नागपूरहून येऊन ओसरीवर बसणारा भाऊ तिला नव्हता.

कायद्याने काय व्हायला हवं होतं ते सांगलीकडच्या एका खटल्याने पुढे ठरवलं. खंडाप्पा नावाचे गृहस्थ १९६० मध्ये गेले. पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. दोन घरं, दोन दुकानं, थोडी जमीन. हिराबाईंनी १९६२ मध्ये मुलांविरुद्ध वाटणीचा दावा लावला आणि चोविसातले सात हिस्से मागितले. खालच्या कोर्टाने त्यांना चोविसातला एकच दिला. हायकोर्टाने सात दिले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालाने ते कायम झाले. तर्क सरळ आहे. नवरा जाण्याच्या क्षणी घराची वाटणी झाली असं मनात धरायचं. त्या वाटणीत नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार समान भाग, कारण महाराष्ट्राच्या मिताक्षरेत बाप-लेकांची वाटणी झाली तर आईला मुलाइतका भाग मिळतो. म्हणजे हिराबाईंचे चोविसातले सहा तिथेच आले. मग नवऱ्याच्या भागाचे सहा वारस, त्यात हिराबाईंचा एक. सहा आणि एक, सात.

हा हिशेब आमच्या घराला लावला तेव्हा मी बाबांच्या टेबलाशी बसले होते. आमच्या पातीचे आठ आणे, म्हणजे शंभर रुपये किरायातले पन्नास. त्यांचे चार भाग, साडेबारा-साडेबारा. आजोबांच्या साडेबारांचे पाच वारस, अडीच-अडीच. म्हणजे आजी पंधरा, बाबा पंधरा, काका पंधरा, दोन्ही आत्या अडीच-अडीच. दोनशे चाळीस रुपयांच्या महिन्यात आजीचे छत्तीस आणि प्रत्येक आत्याचे सहा रुपये होत होते. वहीत ते बाबा-काकांच्या नावे पडत राहिले. बाबा सज्जन होते, काकाही. आजीचं सगळं त्यांनी केलं, आत्यांची माहेरपणं केली. पण केलं म्हणजे दिलं नव्हे.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १९५६ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमामुळे मुलींना राहत्या घराची वाटणी मागता येत नाही, भाऊ वाटून घेतील तेव्हाच त्यांना मिळेल, असं आमच्याकडे सगळे धरून चालत. वकीलही तसंच सांगत. पण कलमाचे शब्द असे होते की ते घर पूर्णपणे कुटुंबाच्याच राहण्यात असलं पाहिजे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की किरायाने दिलेल्या घराला ही आडकाठी लागू नाही. आमची तर अख्खी दर्शनी बाजू किरायाने दिलेली! ज्या दुकानांच्या किरायात आत्यांना वाटा नव्हता, त्या दुकानांसाठी तरी भाऊ वाटतील तेव्हा मिळेल म्हणून थांबायचं त्यांना काहीच कारण नव्हतं, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ते कलमच २००५ च्या दुरुस्तीने रद्द झालं. त्याच दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलगी जन्मतः मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला निःसंदिग्ध केलं.

आमची वही त्याआधीच सुधारली, ती राजधानीमुळे. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं राज्य झालं. दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय बसलं, भोपाळहून अधिकारी आणि कर्मचारी आले, आणि शहरात जागेचे भाव रातोरात बदलले. दोन दुकानं नव्या कराराने गेली, किराया कितीतरी पटीने वाढला. आता अडीच टक्के म्हणजे सहा रुपये राहिले नव्हते. त्या वर्षीच्या पाडव्याला मी मांडणी केलेला कागद बाबांपुढे ठेवला. धाकटी आत्या जबलपूरहून आली होती. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि तिला म्हणाले, “बेबी, हे आधीच व्हायला हवं होतं. या महिन्यापासून तुझं आणि ताईचं लिहितो.” आत्याने विचारलं, “आणि मागचं, दादा?”

ओसरीवर कोणी बोलेना. काकूंना तो प्रश्न आवडला नाही. मला मात्र आत्याचा अभिमान वाटला. ज्याचं आपलं होतं ते मागायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी काकाच म्हणाले की कोर्टात गेली असती तर तीन वर्षांचं मिळालं असतं, तेवढं आपण न भांडता देऊ. तसं दिलं. आजी तेव्हा नव्हती. तिचे पंधरा तिच्या चारही मुलांत सारखे वाटले, त्यामुळे आत्यांचा हिस्सा शंभरात सव्वासहा झाला, म्हणजे एक आणा. वहीत पहिल्यांदाच त्यांच्या नावापुढे पूर्ण आणा दिसला. धाकट्या पातीतल्या मुलींची नावं त्याच वर्षी चढली.

महाराष्ट्र मंडळात ओळखीचे लोक मला हल्ली विचारतात, एवढी यातायात कशाला, दुकानंच वाटून टाका ना, एकेकाला एकेक. मी त्याच्या विरुद्ध आहे. दुकानं सारखी नसतात. कोपऱ्याचं वीस रुपयांचं आणि शेवटचं चाराचं हे १९३० सालीही होतं. आज शारदा चौक ते तात्यापारा रस्ता रुंद करण्याचं वर्षानुवर्षं चाललं आहे. तो झाला की ज्याच्या वाट्याला दर्शनी दुकान आलं असेल त्याचं सगळंच जाईल आणि मागच्याचं एकदम दर्शनी होईल. नशीब वाटून घेण्यापेक्षा एकूण किराया वाटावा, नफा-तोटा सगळ्यांचा मिळून होतो. आयकराच्या कायद्यानेही सहमालकांचे हिस्से ठरलेले असतील तर प्रत्येकाच्या उत्पन्नात त्याचा त्याचाच हिस्सा धरायची सोय ठेवली आहे. २०११ च्या छत्तीसगड किराया नियंत्रण कायद्यानंतर नवे करार कागदावर, ठरलेल्या मुदतीचे होऊ लागले. आमच्या करारांवर मालक म्हणून सगळ्या हिस्सेदारांची नावं असतात, बायकांचीही.

तुमच्या घरी अशी वही असेल, तर येत्या पाडव्याला ती उघडा. वाटपाच्या बाजूला बहिणींची, आत्यांची, विधवा काकूंची नावं आहेत का ते बघा. नसतील तर आधी ती लिहा, मग मागच्या तीन वर्षांचा हिशेब करा. आणि वही नसेलच, तर साधी दोनशे पानी घ्या, पहिल्या पानावर सगळ्यांचे हिस्से मांडा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. हे काम भाऊ हयात आणि बोलत असताना करायचं असतं.